दिवस मावळायच्या आत

आयर्विन पुलावर स्कूटर सावकाश घेतली,
पायाशी पिशवी होती आणि पिशवीत नऊ कंद.
पद्मराजनं दिलेले, त्याच्या आप्पांसाठी.
विमानतळावर कुणी विचारलं नाही.
विचारलं असतं तर ह्यांनी सांगायचं ठरलेलं : कांदे आहेत.
खोटं, पण अर्धंच.

सांगलीवाडीत आप्पा मगदूम कट्ट्यावर वाट बघत होते
इस्त्रीचा शर्ट घालून,
जसं काही मी पोरगाच पिशवीतून आणणार होते.
मागं भिंतीवर एकोणीसच्या पुराची रेघ.
तिच्यावर रंग मारू देत नाहीत ते.
"आलीस व्हय? बस. च्या नंतर. आधी सांग."

काय सांगायचं?
बारा दिवस राहिलो आम्ही चौघं त्यांच्याकडे.
जिना इतका उभा, की सोफा म्हणे खिडकीतून आला.
घरामागं कालवा, कालव्याचं पाणी रस्त्याहून उंच.
पहिल्या रात्री मला झोप नाही.
पद्मराज हसला : "अगं, इथं पाण्यावर
पगारी माणसं राखणीला बसवलीत."
आणि हाच पठ्ठ्या ऑगस्टात रात्री उठून
फोनवर बघतो, पुलाजवळ किती फूट झालं.
हे त्रिशलानं सांगितलं,
भांडी पुसताना, तो अंघोळीला गेल्यावर.

आप्पांना म्हटलं, घर प्रशस्त आहे.
म्हटलं, आर्जव मराठी बोलतो छान,
फक्त सांगलीतला ग घशातून खरवडून काढतो.
आप्पांनी खाकरून दोनदा म्हणून बघितलं, सांगली, सांगली,
आणि स्वतःच हसले.
मग चष्मा काढला.

"जेवत्यात न्हवं, दिवस मावळायच्या आत?"

हो आप्पा. रोज.

देवाशपथ खरं.
जूनमध्ये तिथं दिवस मावळतो दहाला.
साडेनऊला ताटात मुगाची आमटी
आणि आमटीवर ऊन.
आमची धाकटी घास तोंडात ठेवून झोपायची,
त्रिशला वाढत राहायची :
घ्या अजून, उजेड आहे.

डिसेंबरचं मीच विचारलं होतं तिला.
साडेचारला काळोख. पद्मराज घरी येतो साडेसहाला.
तो फ्रीजवरचं लोहचुंबक सरळ करत राहिला,
सरळच होतं ते.
ती म्हणाली, आप्पांना डिसेंबरचं काढू नकोस.
नाही काढलं.

पिशवी उघडून आप्पा दचकले.
"कंद? आमच्यात?"
खायचे नाहीत आप्पा, लावायचे. फुलं येतात, लाल.
पण आधी तीन महिने फ्रीजमध्ये ठेवायचे,
त्यांना वाटलं पाहिजे हिवाळा झाला.
"म्हंजे फसवायचं त्यास्नी."
हो.
आप्पा माझ्याकडं बघत राहिले,
जरुरीपेक्षा थोडं जास्त.
"बरं," म्हणाले, "फसवू या."

दुधाच्या पिशवीशेजारी जागा केली त्यांनी,
जिथं बटाटासुद्धा कधी आला नाही, त्या घरात.
मग घड्याळ बघून एकदम घाई :
"ऊठ, दोन घास खा, दिस हाय अजून."
भाकरी, दोडका, बिनलसणीची शेंगदाण्याची चटणी.
समोरासमोर बसून न बोलता जेवलो.
शेवटचा घास आणि खिडकीतलं ऊन
बरोबरच संपलं.

परत पुलावर फोन वाजला.
तिकडं अजून भर दुपार.
पद्मराज : आप्पा जेवले?
जेवले, लिहिलं.
पाणी?
स्कूटर स्टँडला लावून कठड्यावरून वाकले.
खाली काळोख, फुटांचे आकडे दिसेनात,
पाणी वाहतंय एवढंच कळत होतं.
अजून खूप खाली आहे, लिहिलं,
आणि पाठवायच्या आधी थांबले जरा.
मागून रिक्षावाला हॉर्न देत होता.